टपावरच्या बॉक्सचं लॉक धरून बसलंय, आणि जानेवारीत मनालीला जायचंय

हर्णैकर

नमस्कार मंडळी. आमचं घर हर्णैला, बंदराच्या वरच्या आळीत. अंगणात गाडी उभी राहते ती ड्रायव्हरची बाजू समुद्राकडे करून, कारण दुसऱ्या अंगाला विहीर आहे आणि जागा तेवढीच. टपावर बॉक्स बसवलेला आहे, दोन्ही बाजूंनी उघडणारा, प्रत्येक बाजूला एक लॉक. मुंबईच्या एका गृहस्थांकडून वापरलेला घेतला, पण चांगल्या अवस्थेतला होता.

यंदाचा पावसाळा संपला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं लॉक धरून बसलं. चावी अर्धी आत जाते, जरा हलवली की पुढे सरकते, पण फिरत म्हणून नाही. लॉकच्या तोंडाशी पांढरी बारीक भुकटी दिसते, पुसली तरी आठवड्याभरात परत येते. डाव्या बाजूचं लॉक मात्र अजूनही एका बोटाने फिरतं. बॉक्स तोच, चावी तीच, दोन्ही लॉकं एकाच वयाची.

एक बाजू उघडते म्हणून एरवी मी थांबलो असतो. पण जानेवारीत आई-बाबांना घेऊन मनालीला जायचं ठरलंय, जमलं तर अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूपर्यंत. आईला बर्फ बघायचा आहे. आयुष्यभर तिने दापोली आणि मुंबई यापलीकडे फारसं काही पाहिलेलं नाही, तेव्हा हे मला करायचंच आहे. बाबांना दमा आहे. त्यांचा पंप आणि औषधं गाडीतच राहतील, पण रजया, जाड कपडे, मुलींचे बूट हे सगळं टपावर. तिकडे रात्री पारा शून्याच्या खाली जातो. सकाळी दोन्ही लॉकं गोठून बसली आणि कपडे आत, आम्ही बाहेर, असं झालं तर?

सल्ले भरपूर मिळालेत. शेजारचे काका म्हणतात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोड. दुकानदार म्हणतो शिलाई मशीनचं तेल घाल. मित्र म्हणतो चावी लायटरवर तापवून घाल, बर्फ वितळेल. कोणाचं ऐकू?

कुडाळची गाडी

जोर लावू नको रे बाबा. चावी आत मोडली तर मगे काय करतलस? पकड तर लावूच नको. आधी चावीवरचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. लॉकच्या तोंडावरही बहुतेक तोच नंबर कोरलेला सापडेल. उद्या चावी हरवली किंवा मोडली तर त्या नंबरावर नवीन मागवता येते. माझ्याकडे प्रवाशांच्या गाडीला कॅरियर आहे, बॉक्स नाही, त्यामुळे बाकीचं जाणकार सांगतील.

बंदरावरचा मेस्त्री

हर्णैकर, मी मिरकरवाड्याला होड्यांच्या इंजिनांचं काम करतो. लॉक माझा धंदा नाही, पण खाऱ्या हवेने धरलेली वस्तू सोडवणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे खोबरेल तेल नको. काकांच्या मनात वाईट नाही, विळी-कोयत्याला आपण तेच लावतो. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. थंडीत आपल्याच न्हाणीघरात पहाटे बाटली पांढरी झालेली असते आणि गरम पाण्याच्या तांब्यात ठेवावी लागते. मनालीत ते लॉकच्या आत घट्ट बसेल. शिवाय काही महिन्यांत खवट होऊन चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल थिजणार नाही, पण तुमच्या लॉकचा रोग त्याने जाणार नाही. का ते सांगतो.

ती पांढरी भुकटी मीठ नव्हे. तो जस्ताचा गंज आहे. लोखंड गंजलं की तांबडं दिसतं, जस्त गंजलं की पांढरं. अशा बॉक्सच्या लॉकचा सिलिंडर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या उभ्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीला एक बारीक स्प्रिंग. चावीच्या दात्यांप्रमाणे सगळ्या पट्ट्या आपापल्या जागी सरकल्या तरच सिलिंडर फिरतो. एकच पट्टी त्या भुकटीत रुतली तरी बाकीच्या काही करू शकत नाहीत. तुमची चावी अर्ध्यात अडते आणि हलवली की पुढे जाते, याचा अर्थ पट्ट्या अजून हलतायत. म्हणजे लॉक मेलेलं नाही. हे वाचून मला बरं वाटलं.

आता एकाच बाजूला का? तुम्हीच लिहिलंय, ती बाजू समुद्राकडे असते. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जातं आणि मीठ राहतं, ते जे समोर येईल त्यावर बसतं. आणि मिठाची खोड अशी की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की त्याला आपोआप पाणी सुटतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत हे आपण दर पावसाळ्यात बघतो. किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या वर असते ती महिनोन्‌महिने. म्हणजे एक थेंब पाऊस लॉकवर पडला नाही तरी लॉक आतून ओलं, आणि तेही खाऱ्या पाण्याने ओलं.

म्हणून तेलाने भागत नाही. तेलात मीठ विरघळत नाही. वरून तेल सोडलंत तर मीठ तेलाखाली जसंच्या तसं बसून राहतं आणि आपलं काम चालू ठेवतं. मीठ विरघळवायचं तर गोडं पाणीच लागतं. बंदरावर आउटबोर्ड इंजिन बाहेर काढलं की आधी गोड्या पाण्यावर चालवून घेतात, मग दुसरं काही. तेच लॉकला करायचं.

डावी बाजू उघडते, हे तुमचं मोठं नशीब. तिकडून झाकण उघडा, आत टॉर्च मारा आणि उजव्या लॉकची मागची बाजू बघा. पुष्कळ बॉक्सना तिथे प्लॅस्टिकचं आवरण असतं, स्क्रूने बसवलेलं. काढण्याआधी फोटो काढा, आतल्या दांड्या आणि स्प्रिंगा परत कशा बसवायच्या ते लक्षात राहत नाही. मग मेडिकलमधून सिरिंज आणा, सुई फेका, आणि कोमट गोडं पाणी चावीच्या भोकातून सोडत राहा. घाई नको. पाणी सोडायचं, चावी हलकेच आत-बाहेर करायची, परत पाणी. सुरुवातीला खाली पांढुरकं, करडं पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. आणि एक बघा, विहिरीचं पाणी चाखून घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीला उन्हाळ्याकडे मचूळपणा येतो. शंका असेल तर पिण्याचं पाणी वापरा, लागतं किती, एक-दोन तांबे.

नंतर आतलं पाणी हाकलायचं. इथे डब्ल्यूडी-४० कामाचं. त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं पाणी हटवण्याच्या गुणावरूनच आलीत आणि त्याच कामाला ते उत्तम. पण वंगण म्हणून त्याच्यावर वर्ष काढू नका, पातळ थर तेवढा मागे राहतो. फवारा मारा, चावी चालवा, बाहेर आलेलं पुसा, आणि झाकण उघडं ठेवून दिवसभर उन्हात वाळवा. दुसऱ्या दिवशी पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे मारा. तो मिळाला नाही तर सिलिकॉन स्प्रे चालेल.

कोणीतरी पेन्सिलीची पूड किंवा ग्राफाइट सांगेलच. घाटावरच्या कोरड्या हवेत ग्राफाइट चांगलं. आपल्याकडे मी घालत नाही. ग्राफाइट आणि जस्त एकमेकांना लागून, मध्ये खारं पाणी, असं झालं की विजेचा घट तयार होतो आणि झिजतं ते जस्त.

आणि लॉक चांगलं असूनही चावी न फिरण्याचं एक कारण असतं. बॉक्स ठासून भरला की झाकण वर ढकललं जातं आणि खटक्यावर ताण येतो. तेव्हा एका हाताने लॉकच्या अगदी जवळ झाकण खाली दाबायचं आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवायची. बऱ्याच बॉक्सची चावी सगळे खटके नीट बसल्याशिवाय बाहेरच येत नाही. ती अडली तर ओढायची नाही, झाकण परत उघडून नीट बसवायचं. कुठेतरी रजईचं टोक मध्ये आलेलं असतं.

एवढं करून लॉक सुटलं नाही तर सिलिंडर बदला, नंबरावर मिळतो. पण आधी धुऊन बघा. लोक हजारोंचा बॉक्स घेतात, पुसतात, पॉलिश करतात, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून ते लॉक मात्र कधी कोणी धूत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेंगुर्ल्याची लेक

मेस्त्रीकाका, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं फोनवर. तिच्या कपाटाची लॉकंही अशीच झालीत.

हर्णैकर दादा, मी ओस्लोला राहते. इथे हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या गाडीवर असा बॉक्स दिसतो, स्की ठेवायला. त्यामुळे बर्फाचं मी सांगते.

आधी हे कळू द्या की गोठतं काय. लॉकचा धातू थंड झाला म्हणून लॉक अडत नाही. आत शिरलेलं पाणी गोठतं. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि त्या पट्ट्यांच्या बारीक फटींत जाम बसतं. लॉक आतून खरोखर कोरडं असेल तर उणे १५ लाही चावी फिरते. म्हणून काकांनी सांगितलेलं काम हर्णैलाच करून निघा. इथून ओलं लॉक घेऊन वर गेलात तर पहिल्याच रात्री ते गोठेल. आणि वाटेत बर्फात शिरण्याआधी गाडी धुऊन घ्यायचा मोह होतो, निदान बॉक्सवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. संध्याकाळी धुतलेली गाडी आणि रात्री उणे पाच, हे सगळ्यात वाईट.

गोठलंच तर अल्कोहोल. इथे दुकानात लॉकसाठीची छोटी बाटली मिळते, आत मुख्यतः अल्कोहोलच असतं. तुम्ही मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ते उणे ८९ अंशांना गोठतं, त्यामुळे बर्फ विरघळवतं आणि त्याच्याबरोबरचं पाणी परत गोठू देत नाही. त्याच सिरिंजने थोडं भोकात सोडायचं, मिनिटभर थांबायचं, चावी घालून हलकेच चाळवायची, परत थोडं सोडायचं. हॅंड सॅनिटायझरचा जेल नको, तो मागे चिकट थर सोडतो. आणि ही बाटली आणि सिरिंज बॉक्समध्ये ठेवू नका, गाडीतही नको, गाडीची दारंही गोठतात. हॉटेलच्या खोलीत, स्वेटरच्या खिशात. चावीसुद्धा तिथेच.

लायटरबद्दल. अल्कोहोल सोडलेल्या लॉकजवळ लायटर आणायचा नाही, पेट घेईल. तापवलेली चावी आत घातली की थोडा बर्फ वितळतो खरा, पण ते पाणी आतच राहतं आणि काही मिनिटांत पुन्हा गोठतं. हेअर ड्रायरचंही तसंच, वापरलात तर त्याच्यामागे लगेच अल्कोहोल सोडा. उकळतं पाणी तर ओतूच नका. गारठलेलं प्लॅस्टिक तडकू शकतं, आणि ओतलेलं पाणी सगळीकडे शिरून आणखी गोठतं. भोकात तोंडाने वाफही मारू नका. मुलं हमखास मारतात, श्वासातला दमटपणा आत जाऊन जमतो.

आता एक गोष्ट जी नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पुष्कळदा लॉक उघडलेलं असतं आणि तरी झाकण उघडत नाही. तेव्हा झाकणाच्या कडेचं रबर खालच्या काठाला गोठून चिकटलेलं असतं. माणूस वर ओढतो आणि खटका किंवा रबर फाटतं. तिथे उलट करायचं, तळहाताने कडेकडेने खाली दाबत जायचं. बर्फाचा पातळ थर कुरकुर आवाज करत तुटतो, हाताला कळतं. मग हळूच उचला. निघायच्या आधी त्या रबराला सिलिकॉनचा हात फिरवलात तर ते चिकटतच नाही. झाकणावर बर्फ साचला असेल तर आधी ब्रशने झाडून टाका, नाहीतर उघडताना सगळा आत, रजयांवर. आणि झाकण वर धरणारे गॅसचे दांडे असतील तर थंडीत त्यांचा जोर कमी होतो, दुसऱ्या माणसाने झाकण धरलेलं बरं. आई-बाबांना खाली उभं करू नका.

चिपळूणचे सर

सगळ्यांची उत्तरं मनापासून आवडली. एक शंका. खारं पाणी शून्याला गोठत नाही हे आम्ही वर्गात शिकवतो. समुद्राचं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं, आणि मिठाचं पुरेसं संपृक्त द्रावण उणे २१ पर्यंत तग धरतं. मग हर्णैचं मीठ लॉकमध्ये राहिलं तर गोठण्याच्या बाबतीत तो फायदाच नाही का?

वेंगुर्ल्याची लेक

सर, तत्त्व बरोबर आहे, त्याच कारणाने इथे रस्त्यावर मीठ टाकतात. पण लॉकमधलं मीठ थोडं असतं. त्यावर वितळलेला बर्फ झिरपला की ते इतकं पातळ होतं की जेमतेम शून्याच्या खाली गोठतं. आणि मीठ स्वतःहून ओलावा धरून ठेवतं, म्हणजे लॉक कोरडं कधी होतच नाही. इथे रस्त्यावरचं ते मीठ टायरांनी उडून टपापर्यंत येतं आणि मार्च-एप्रिलमध्ये इथल्याही लॉकांच्या तोंडाशी तीच पांढरी भुकटी दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला थेट आमच्या वेंगुर्ल्याच्या गेटचं कुलूप आठवलं.

बंदरावरचा मेस्त्री

सर, ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर. मीठ एका रात्री मदत करेल आणि वर्षभर खात राहील. धुतलेलंच बरं.

पुण्यातला दापोलीकर

लॉकचं सगळं झालंय, मी प्रवासाचं सांगतो. टनेल ९.०२ किलोमीटरचं, पण दोन्ही तोंडांशी हवा पूर्ण वेगळी असू शकते. मनालीकडे ऊन आणि पलीकडे भुरभुर. ताजा बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर किंवा टायरांना चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात, कधी कोणालाच नाही. तेव्हा अडकून पडावं लागलं तर लागतील ते कपडे टपावर ठेवूच नका. प्रत्येकाची एक जाड शाल, कानटोपी, हातमोजे आणि थर्मास आतमध्ये, पायाशी. तुमच्या बाबांना दमा आहे म्हणून तर नक्कीच, थंड हवेत दम लागतो तेव्हा टपावर चढून पिशवी शोधत बसता येत नाही. बॉक्समध्ये जायचं ते हॉटेलवर पोचल्यावर लागणारं सामान. पार्किंग निवडता आलं तर सकाळी ऊन लवकर येतं अशा बाजूला गाडी लावा आणि खराब लॉकची बाजू उन्हाकडे करा.

हर्णैकर

मंडळी, खूप आभार. मेस्त्रीकाकांच्या सांगण्याप्रमाणे केलं. डावीकडून उघडून आत पाहिलं, आवरणाखाली दोन स्क्रू होते, एक गंजून गोळा झालेला, तो दापोलीतून नवीन आणला. विहिरीचं पाणी चाखलं, किंचित मचूळ लागलं, म्हणून नळाचं घेतलं. पाणी आधी दुधासारखं आलं, मग करडं, मग बराच वेळ तसंच. मी सिरिंज भरून देत होतो आणि बाबा चावी आत-बाहेर करत होते, त्यांचा हात हलका आहे. मध्येच एक पट्टी सुटल्याचं चावीला जाणवलं असं ते म्हणाले, आणि चावी पूर्ण आत गेली. फिरली मात्र दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर, झाकण दाबून धरल्यावर. आता दाबल्याशिवायही फिरते, फक्त डाव्या बाजूइतकी सहज नाही. डावं लॉकही त्याच दिवशी धुऊन घेतलं.

पीटीएफई स्प्रे इकडे मिळाला नाही, सिलिकॉन मारलाय, रबरालाही लावलाय. कपड्यांची वाटणी पुण्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे करतोय. एकच विचारायचं राहिलं. रात्री लॉकच्या भोकावर काही लावून ठेवलं तर चालेल का, की आत दमट कोंडेल?

वेंगुर्ल्याची लेक

चालेल, आतून कोरडं असेल तर. बर्फ पडायची चिन्हं असतील तेव्हा इलेक्ट्रिशियनची टेप छोटीशी चिकटवा, एक टोक दुमडून ठेवा म्हणजे हातमोज्यांनी धरता येईल. पृष्ठभाग आधी पुसून घ्या, ओल्यावर टेप बसत नाही. सकाळी काढून टाका, दिवसभर ठेवू नका.

बंदरावरचा मेस्त्री

बाबांच्या हाताला माझा नमस्कार सांगा. उजवं लॉक जरा जड राहणारच, जस्त झिजलंय ते परत येत नाही. तिकडे असताना शक्यतो डावी बाजूच वापरा, उजवीला रोज एकदा फिरवून ठेवा. निघायच्या आधी सामान भरून दोन्ही चाव्या लावून बघा, रिकाम्या बॉक्सवर फिरणारी चावी भरलेल्यावर अडू शकते. दुसरी चावी गाडीत नको, आईंच्या पर्समध्ये द्या. आणि परत आलात की बॉक्स उतरवण्याआधी दोन्ही लॉकं पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, तिकडची धूळ आणि इकडचं मीठ एकत्र बसू देऊ नका.